नदीगल्लीतला खोटा पूर

आप्पा,

परवा आपल्या नदीगल्लीला पूर आला. पाणी नव्हतं, पण पूर आला. आपल्या नगरपालिकेनं आणि बेळगावच्या टेरिटोरियल आर्मीच्या तुकडीनं मिळून तो आणला होता, आणि त्यात बेशुद्ध पडायचं काम माझ्याकडं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी नगरसेविका झाले हेही तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. झाले. आपल्याच वॉर्डातून. आई म्हणाली, "घरात दोन मान्सांचं ऐकंना, गावाचं काय ऐकनार ही!" मत मात्र तिनं मलाच दिलं, निदान तसं ती सांगते.

ठराव मीच मांडला होता. एरवी नोकरी-धंदा करून वर्षातले दोन महिने वर्दी घालणाऱ्या तुमच्यासारख्या लोकांनी पावसाळ्याआधी येऊन गावाला पुरातून बाहेर पडायचं शिकवावं, आणि नगरपालिकेनं जागा, जेवण आणि माणसं द्यावीत. एवढं साधं. पण सभेत बोटीबद्दल कुणी बोललंच नाही, सगळं भांडण लागलं कार्यक्रमाच्या फलकावरनं. कन्नड वर की मराठी वर, दोन्हीची अक्षरं सारखी की लहान-मोठी, आणि इंग्रजी घातलं तर कुणाच्या खाली. दुपारचं जेवण टळून गेलं. तुकडीचे मेजरसाहेब, उत्तरेकडचे, कोपऱ्यात बसून तिसरा चहा घेत होते. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "बोर्ड रहने दीजिए. पानी पढ़ना नहीं जानता." सगळे हसले, भूक लागलेलीच होती, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

हात वर केला तेव्हा मला तुम्ही दिसलात. मी सहावीत असेन. वेदगंगेचं पाणी गल्लीत शिरलंय, आणि तुम्ही गुऱ्हाळातली गूळ आटवायची भलीमोठी काहील पाण्यात सोडून तिच्यातनं म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढताय. काहील गोल फिरतेय, आतल्या बायका देवाचं नाव घेतायत, आणि तुम्ही छातीएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांना रांगेत बसायला सांगताय. गोल काहिलीत रांग कशी करायची, हे कुणाला कळत नव्हतं. पूर ओसरल्यावर इस्त्रीचा सदरा घालून तुम्ही नगरपालिकेत गेलात. माझ्या तुकडीतली पोरं बोलावतो, दरसाल गावाला शिकवू, म्हणालात. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "तुमची कवायत तिकडं बेळगावात करा. हितं वखारीत तंबाखू जोखायचं बघा." घरी येऊन तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, भाकरी खाल्लीत आणि आईला एवढंच म्हणालात, "आमटी चांगली झालीया." त्या दिवशी आमटीत मीठच नव्हतं. आईनं हे नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि सांगताना ती कधी हसली नाही.

तसं त्या अध्यक्षांचंही थोडंफार समजू शकते मी. तुम्ही कॅम्पहून आलात की आम्हालाच तुमची धास्ती वाटायची. आईचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणं उभे राहायचे. अंथरुणाची घडी तुम्ही दोनदा उलगडून परत घालायला लावायचा. एकदा लष्कराच्या कॅन्टीनमधनं माझ्यासाठी पाठीवरची हिरवी पिशवी आणलीत, शाळेसाठी. ती माझ्या गुडघ्याला लागायची. बाईंनी वर्गात विचारलं, "कुठल्या आघाडीवर निघालीस गं?" मी रडत घरी आले, तर तुम्ही बाईंना सोडून मलाच झापलंत. "पाठ ताठ ठिवली असतीस तर इचारलं नसतं!"

तर परवाची गोष्ट. नदीवरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बोट तरंगेल एवढं पाणी होतं. बेत असा होता की काही नगरसेवकांनी पुरात अडकायचं, जवानांनी त्यांना बोटीतनं वरच्या शाळेच्या घाटावर न्यायचं, आणि गल्लीनं हे लांबून बघायचं. आदल्या दिवशी घंटागाडीवरच्या कर्ण्यातनं दवंडी दिली होती. पण कर्णा खरखरत होता आणि 'रंगीत तालीम' हे शब्द गल्लीत कुणाला धड ऐकू आले नाहीत. ऐकू आलं ते एवढंच : पाणी, बोट, आणि उद्या सकाळी बाहेर या.

सुरुवात चांगली झाली. पहिला मान आत्ताच्या अध्यक्षांचा. तंबाखूच्या व्यापारातल्या जुन्या जैन घराण्यातले, बोलायला गोड आणि अंगानं भक्कम. दोन जवान त्यांना उचलायला आले तसे ते मागं सरले.

"उचलायचं काय काम न्हाय. मी चालत येतो की बोटीपर्यंत."

मेजरसाहेब म्हणाले, "सर, डूबा हुआ आदमी चलकर नहीं आता."

शेवटी चौघांनी त्यांना उचललं. मी गल्लीकडच्या घाटाच्या पायरीवर डोळे मिटून पडले होते, कानाजवळ मुंग्या फिरत होत्या, आणि हसू आलं तर बेशुद्धपण जाईल म्हणून ओठ दाबून धरले होते. तेवढ्यात मागनं गलका ऐकू आला. एक डोळा उघडला. अख्खी नदीगल्ली घाटाकडं येत होती. ट्रंका, गादीच्या वळकट्या, पाटीत कोंबड्या, एकाच्या खांद्यावर टीव्ही. सगळ्यांत पुढं कोपऱ्यावरची आज्जी, तुमच्या काहिलीत सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी ती, आता पार वाकलीय, आणि तिच्या हातात म्हशीचं दावं.

अध्यक्ष बोटीतनं हात हलवून ओरडू लागले, "निल्री, निल्री! थांबा! पूर खोटा हाय!" लोकांना वाटलं, साहेब आधी बसले आणि आता आपल्याला थांबवतायत. मग कोण थांबतंय! सगळे एकदम बोटीवर धावले. पायऱ्यांवर शेवाळ. एका बाईच्या कडेवर लेकरू, तिचा पाय घसरला नि सावरला. बोट एका अंगाला कलली, अध्यक्ष पलीकडच्या कडेला लवंडले. हसायचं त्या क्षणी संपलं. पाणी खोटं नव्हतं, आणि त्यात पोहता येणारे थोडे होते.

मी उठून उभी राहिले, आणि माझ्या तोंडातनं आलं, "थम!"

आप्पा, तो आवाज माझा नव्हता. आम्ही भावंडं चुलीजवळ दंगा करायला लागलो की तुम्ही सोप्यातनं तो शब्द सोडायचा, आणि उचललेला हात तसाच वर राहायचा. परवा अख्खी गल्ली तशी थांबली. जवान थांबले, वल्हं मारणारा थांबला. म्हैससुद्धा थांबली. मग मी एकेकाला नाव घेऊन बाजूला केलं. आधी लेकुरवाळ्या, मग म्हातारे, ट्रंका सगळ्यांत शेवटी, टीव्ही अजिबात नाही. मेजरसाहेबांनी जवानांना खुणावलं, आणि तेही मी म्हणेन तसं उचलू लागले.

आज्जीपाशी गाडी अडली. तिला हात द्यायला आलेला जवान एरवी चिकोडीच्या बसवर कंडक्टर असतो. तो म्हणाला, "आज्जी, चला. म्हशीचं तिकीट न्हाय."

"मग माजंबी न्हाय."

"अवं, पूर खोटा हाय आज्जी!"

"खोटा हाय तर तू कशाला आलाईस रं?"

मेजरसाहेबांनी मला विचारलं, "मॅडम, भैंस तैरती है?" गल्लीतली सगळी माणसं, आत्तापर्यंत भेदरलेली, एकदम हसायला लागली. आज्जी बोटीत बसली, दावं हातातच ठेवलं, आणि म्हैस बोटीच्या आधी शाळेच्या घाटाला लागली.

शाळेत नगरसेवकांसाठी केलेलं उप्पीट गल्लीनं खाल्लं. अध्यक्ष माझ्यावर रागावले होते, पण लोक येऊन येऊन त्यांचा हात धरून आभार मानायला लागले तसे ते हळूहळू खुलले. मेजरसाहेब म्हणाले, दुसऱ्या गावांत लोक बघायलासुद्धा येत नाहीत, इथं कोण चालू शकत नाही, कोण कुठं अडतं, सगळं एका सकाळीत कळलं. अध्यक्षांनी तिथंच जाहीर केलं की हे आता दरसाल होणार. मी भिंतीकडं तोंड करून पाणी प्याले, बराच वेळ. आज्जी कंडक्टरला विचारत होती, "म्होरली खेप कवा हाय?"

निघताना मेजरसाहेब मला म्हणाले, "वर्ड ऑफ कमांड किसने सिखाया?" मी म्हटलं, वडिलांनी, ते टेरिटोरियलमध्ये होते. त्यांनी विचारलं, कुठल्या हुद्द्यावर होते. शेजारी तुकडीचे पांढऱ्या मिशांचे सुभेदार उभे होते, आमचे अध्यक्षही कान देऊन ऐकत होते.

हे पत्र टपालात टाकायचं नाही आणि आईलाही वाचून दाखवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. तुम्ही लान्सनाईक म्हणून, शिपायाच्या वरच्या पहिल्याच पायरीवरनं घरी आलात, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या वेळी माझ्या तोंडातनं 'सुभेदार' गेलं. मेजरसाहेब आणि सुभेदार दोघंही ताठ उभे राहिले, आणि आप्पा, मी काही ते परत घेतलं नाही.