दवाखान्यातला मातीचा गोठा

थुकेला नदीकाठ, शनिवार

प्रिय थोकोझिलेताई,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बेकिथेम्बाचा, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? शेळ्या व्याल्या का? माझी तब्येत उत्तम आहे. (शेजारीण म्हणते मी वाळून खारीक झालोय, पण तिला दिसतं कमी.)

माझी नोमासोंटो गेल्यापासून मी अंथरूण सोडत नव्हतो. जेवण नको, माणूस नको, सकाळ तर नकोच नको. शेवटी मुलीने धरून दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी या दुखण्यावर औषध काय द्यावं? चिखल! दर मंगळवारी आम्हा चार म्हाताऱ्यांसमोर मातीचे गोळे ठेवतात. (आपल्याकडे मडकी घडवणं बायकांचं काम, म्हणून आमच्यातला म्बाथा पहिल्या दिवशी हात मागे बांधूनच बसला होता.) बाई म्हणाल्या, "बाबांनो, मनात साचलंय ते घडवा." आता आम्ही लहानपणी नदीवर गुरं राखताना मातीचे बैल सोडून दुसरं काही केलंय का? चौघांनीही बैलच केले. बाई शहरातल्या, त्यांना वाटलं, चौघांचं दुःख एकच, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुढे गाई झाल्या, वासरं झाली, टेबलावर गोठे उभे राहिले. तिथेच घात झाला. आमच्यातल्याच डुमाकुडेचा बैल म्बाथाच्या गोठ्यात शिरला. (शिरला कसला, डुमाकुडेनेच ढकलला, मी पाहिलं.) "तुझं जनावर आवर, नाहीतर तंगडं मोडीन!" म्हणत म्बाथाने खरंच मोडलं. डुमाकुडे भरपाईत कालवड मागू लागला. दोघांनी काठ्या उचलल्या. बाईंनी घाबरून मला पंच नेमलं, आणि मी गंभीरपणे मातीच्या कालवडीचे दात तपासायला लागलो. तेव्हा मला हसू फुटलं, ताई. किती महिन्यांनी! मग वाटलं, हे घरी जाऊन सांगायचं कुणाला? आणि तिथेच ढसाढसा रडलो. डुमाकुडेने भरपाईत मिळालेली कालवड गुपचूप माझ्यापुढे सरकवली.

तेव्हा काळजी नसावी. एवढ्या लांब यायची तसदी मुळीच घेऊ नका.

तुमचा,
बेकिथेम्बा

ता. क. बाईंनी आता गुरं बंद केलीत. माणूस घडवा म्हणतात. मी कुणाला घडवतोय हे तुम्हाला सांगायला नको.

आणखी ता. क. नाक जमत नाही. लग्नाच्या फोटोत तिने मान खाली घातलीय, आणि डोळे मिटले तरी मला ते आठवेनासं झालंय. फार भीती वाटते. तुम्हा दोघी बहिणींचं नाक एकच. मंगळवारी याल का? काही बोलू नका, नुसत्या समोर बसा.