मनीषाला तांबी कशाला

जुनी हुबळी
४ नोव्हेंबर २०२४

चि. मनीषास सासूचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला आलीस, पण ओवाळून झालं तशी आडवी झालीस. चेहरा धुतल्या कापडासारखा पांढरा. पाळीत एवढं अंगावर जाणं बरं नव्हे. फोनवर विचारलं असतं, पण मला कमी ऐकू येतं म्हणून तुझा दीर मारुती तो मोठ्यानं लावतो आणि दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा कान देतं. शेजारच्या विमलानं गर्भपिशवीच काढली, सुटली बघ. डॉक्टरीण काय म्हणाली ते लिही. आळिवाचे लाडू पाठवते, शाळेत वाटून टाकू नकोस.

तुझी, अनुसया


धारवाड
११ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना वाकून नमस्कार.

लाडू दोनच वाटले, बाकी मीच खाल्ले. सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीचं आतलं अस्तर तिच्या भिंतीत शिरलंय, म्हणून ती सुजून जड झालीय. ॲडिनोमायोसिस म्हणतात, कॅन्सर नव्हे. गोळ्यांनी दुखणं दबतं, रक्त थांबत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आधी आत हार्मोनचं साधन बसवू, काही वर्षं चालतं. नाहीच जमलं तर पिशवी काढू.

पण ते तांबीसारखंच दिसतं आणि मूल नको असलेल्या बायकाही बसवतात. चेतन जाऊन पाच वर्षं झाली. मी विधवा, मला तांबी कशाला, असं मारुतीभावजींच्या स्वातीनं विचारलं तर काय सांगू? ऑपरेशनला कुणी नावं ठेवत नाही. म्हणून म्हटलं, काढूनच टाका. त्या म्हणाल्या, घाई नको, एकवीसला परत या. तुम्ही ‘हो’ लिहिलंत की झालं.

लोभात ठेवा.
मनीषा


जुनी हुबळी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

हो लिहीत नाही. पिशवी ठेवायची की काढायची ते तू आणि डॉक्टरीण ठरवा. पण सुरी लावायची ती दुखण्यासाठी, लोकांच्या तोंडासाठी नव्हे. विमलाचंही मी उगीच लिहिलं. विचारलं तर म्हणाली, कितीतरी दिवस घागर उचलवत नव्हती.

गुरुवारी मी येते. कोण सोबत आहे विचारलं तर सासू म्हणून सांग.

स्वातीनं विचारलं, कुठं निघालात? म्हटलं, मनीषाला तांबी बसवायची का ते विचारायला. मला वाटलं हळूच बोलले. पण बाहेर दुकानात मारुतीच्या हातातला कापड मोजायचा गज थांबला! मघाशी बघते तर माझ्या थैलीत साडीखाली स्वातीची शेकायची रबरी पिशवी. ही कशाला गं, म्हटलं. तर खाली बघत म्हणाली, मनीषाअक्काला द्या, मी माझ्यासाठी दुसरी आणते.

परतल्यावर तिलाही विचारायचं आहे, तुझं काय दुखतंय म्हणून.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी सासू, अनुसया