शकु देणार नाही

४ सप्टेंबर ८४

पाठ मोडली! काल बोरिवलीला नानांकडे गौरी जेवल्या. नाना म्हणजे यांचे थोरले भाऊ, आणि गणपती-गौरी त्यांच्याकडेच. विक्रोळीहून पहाटेच निघायचं, दोन मुली, गौरीला ओवाळायचं ओवशाचं सूप, पाच भाज्या, पाच फळं, नारळ. वर पोचल्या पोचल्या त्यांच्या बायकोचं, रुक्मिणीवहिनींचं प्रवचन. "पोरां म्हणजे आनंद गो रत्ना. घर भरलेला दिसता." बोलायला काय जातं? लग्नाला चौदा वर्षं, पोरबाळ नाही, वहिनींच्या घरात एक कप फुटलेला नाही.

गौरीला ओवसून झालं की ते सूप थोरल्या जावेच्या पदरात द्यायचं, अशी आमची रीत. वहिनी गौरीसमोर पदर पसरून बसलेल्या. मी सूप पुढे केलं आणि शकुने खालून ओढलं. काकड्या, पडवळ, नारळ, सगळं पाटाखाली! तीन वर्षांची व्हायची आहे अजून, पण अंगात किती मस्ती. मी बखोटीला धरून धपाटा घातला आणि तिलाच वहिनींच्या पदरात आदळलं. "घ्या! हीच घ्या ओटीत! मला नको!"

सगळ्या बायकांसमोर वहिनींनी पदर आवळून घेतला, मुलीसकट. माणिक गुपचूप काकड्या गोळा करत बसली. सहा वर्षांची पोर, पण तिला तरी कळतं. येताना हे तोंड फुगवून. असू देत!

७ सप्टेंबर

दुपारी जरा डोळा लागला. उठून बघते तर दोघींनी दुकान मांडलेलं. तूरडाळ, तांदूळ, मोहरी, सगळं एकत्र. माणिक वाणी, शकु गिऱ्हाईक. दीड तास निवडत बसले. समोर बसून शकु विचारते, "बाई, सुट्टे आहेत?"

आनंद म्हणे!

१० सप्टेंबर

शकुने माझ्या चपलेत पाणी भरून होडी केली. मारलं. ओल्याच चपलेने रेशनला गेले.

१२ सप्टेंबर

भांडी तशीच टाकून लिहायला बसले.

वहिनी आल्या, न कळवता. हातात पेढे आणि नवा फ्रॉक. शकुला उभं करून फ्रॉक लावून बघितला. म्हणाल्या, "पितृपक्ष सरलो काय घटस्थापनेक नेतंय हिका."

मी म्हटलं, "न्या की. राहू दे दोन दिवस, मलाही आराम."

"दोन दिवस कित्याक? गौरीन माका दिल्यान. सगळ्यांसमोर पदरात घातलंस तू."

मी हसले. त्या हसल्या नाहीत! शाळेचं विचारून ठेवलंय म्हणे. कॉट घेतलीय. चिडून एक शब्द तोंडातून गेला, आणि या बाईने त्याचं दत्तकविधान करून टाकलं! मी म्हटलं, वहिनी, ते रागाने झालं. तर म्हणतात, "गौरीसमोर रागान दिला काय आणि हसान दिला काय. दिला ता दिला." पेढ्यांचा पुडा फडताळावर ठेवून गेल्या. मी अजून उघडला नाही.

हे पाळीवरून आल्यावर सांगितलं. मला वाटलं, खवळतील. कसले! बुटाची नाडी सोडत म्हणतात, "नानाने मला शिकवलं, कारखान्यात चिकटवलं. आणि बोललीस तूच ना? परकी कुठे जातेय ती? बोरिवलीलाच." मी लाटणं आपटलं. भावाचे उपकार आहेत तर तुम्ही जा त्यांच्या पदरात बसायला. माझी पोर नाही जाणार!

१३ सप्टेंबर

शेजारच्या क्लॅरिसला सगळं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "बाई गं, दिली तेव्हा मोठ्याने बोललीस ना? मग नाही म्हणायचं तेही मोठ्याने बोल. मनातल्या मनात कोण ऐकणार?"

खरंय. पण देवीसमोर घडलेलं आहे. खोटं कशाला लिहू, भीती वाटते मला.

१५ सप्टेंबर

शकु ताटात थुंकली. मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. आता मारते म्हटलं तरी लोक म्हणतील, बघा, हिला नकोच आहे ती. स्वतःच्या पोरीला धपाटा घालायची चोरी झालीय मला!

१९ सप्टेंबर

आमच्या मजल्यावर पाणी सकाळी सहा ते सात. बाकी वेळ नळ नुसता गुरगुरतो. काल संध्याकाळी शकु मोरीत बसून त्याच्याशी बोलत होती. मी लक्ष दिलं नाही. आज सकाळी हे मोरीत दाढीला बसले, तोंडाला फेस. मी नळ सोडला. नळ खोकला, गचके दिले, आणि फाडकन भाकरीचा लगदा यांच्या तोंडावर! मागून पाणी, पुन्हा भाकरी. हे ओरडतायत, "काय आहे हे? काय आहे?"

शकु दारातून म्हणाली, "त्याला भूक लागली होती. पोटात आवाज येत होता."

माणिक हसायला लागली. मी ओरडणार होते, तोंडही उघडलं होतं, पण हसूच बाहेर पडलं. मोरीच्या कट्ट्यावर बसले, मग खालीच बसले, ओल्यात. साडी भिजली. दोघी माझ्या अंगावर येऊन पडल्या. शकुच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि मोरीचा वास. हेसुद्धा हसले, एका गालाला फेस तसाच. पाण्याची वेळ निघून गेली, एक हंडा भरला गेला नाही. दिवसभर क्लॅरिसकडून बादल्या आणल्या.

आज मला आनंद झाला. लिहून ठेवते, झाला! आणि मग इतका संताप आला की काय सांगू. हे काय आजच घडलं? असलं काहीतरी रोज घडतं या घरात. रोज मी त्यावर ओरडते, मारते, पुसून काढते. कुणीतरी पोर मागायला दारात येईपर्यंत मला ते दिसलं नाही? मूर्ख बाई!

वहिनींना दिसलं. पाहुणी येऊन त्यांना दिसलं. म्हणून तर जास्तच राग येतो त्यांचा.

२२ सप्टेंबर

गावाहून सासूबाईंचं कार्ड, यांच्या नावावर. मी आधी वाचलं. "रत्नाने गौरीसमोर दिलेली मुलगी परत घेऊ नये. शकुच्या पायगुणाने नानाच्या घरी मुलगा होईल. नानाने तरी आणखी किती थांबायचं?" म्हणजे माझी पोर नवस फेडायला निघालेली कोंबडी झाली! मुलगा झाला की मग तिला कोण विचारणार?

यांना कार्ड दिलं आणि म्हटलं, "वाचा. आणि मग मला सांगा, नेऊन देता का तुम्ही तिला? तुमच्या हाताने?" यांनी दोनदा वाचलं. शकु यांच्या खिशातलं पेन काढत होती, तिला काढू दिलं.

२६ सप्टेंबर

घटस्थापना. अकरा वाजता वहिनी आल्या. नाना खालीच थांबले, वर आले नाहीत. मी मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं. क्लॅरिस गॅलरीत येऊन उभी राहिली.

मोठ्याने म्हटलं, "वहिनी, शकु देणार नाही. देवीसमोर मी चिडले, ते माझं चुकलं. काय प्रायश्चित्त असेल ते मी करीन. नऊ दिवस अनवाणी राहीन. पोर देणार नाही."

वहिनी यांच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. एवढ्या वर्षांत या माणसाने भावाला कधी नाही म्हटलेलं नाही. हे उठले, शकुला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, नाही जमणार. नानाला मी सांगतो."

वहिनी माझ्याजवळ आल्या, अगदी हळू बोलल्या. "रत्ना, माका मोकळ्या हातान पाठवू नको गो. तुका ठाव नाय."

मी म्हटलं, "मोकळ्या हाताने कशाला? तुमचा फ्रॉक घेऊन जा." आणि दिला त्यांच्या हातात. पेढेसुद्धा.

गॅलरीतून बघितलं. नाना पुढे चालायला लागले होते, एकदाही मागे वळले नाहीत. वहिनी मागून, फ्रॉक छातीशी धरून. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही. जिंकले मी! शिरा केला. शकुने अंगाला फासला, माणिकने डबा लपवला, भांडण, रडारड, सगळं साग्रसंगीत. मी नुसती बघत बसले.

३० सप्टेंबर

पाचवा दिवस अनवाणी. टाचेत काच गेली. माणिकने चिमट्याने काढली, शकु फुंकर घालत होती. फुंकर कसली, थुंकीच!

४ ऑक्टोबर, दसरा

दुपारी दारात वहिनी. एकट्या, हातात ट्रंक.

नाना दुसरं लग्न करतायत. गावची मुलगी, एकोणीस वर्षांची, सासूबाईंनी बघून ठेवलेली. उन्हाळ्यातच ठरलं होतं. दसऱ्यापर्यंत घरात पोर आलं तर हे लग्न करत नाही, असं नानांनी वहिनींना सांगितलं होतं. हे सगळं त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलल्या. "माहेराक कोण उरूक नाय. जाऊ खंय?"

माणिकने विचारलं, "काकू किती दिवस राहणार?" मी तिला गप्प बस म्हटलं आणि ट्रंक आत ओढली.