दक्षिण मनोऱ्यावरचा लाल रुमाल

प्रिय मोजणीदार,

पत्ता ऑफिसातल्या कारकुनाकडून घेतला. बावीस वर्षांनी हिला कसला पत्ता हवा, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तू निवृत्त झालास आणि एकटाच राहतोस, हे मात्र त्याने न विचारता सांगितलं.

आपल्या वनखात्याने आपली पाणथळ एका पर्यटन कंपनीला दिली, तीस वर्षांच्या कराराने. वाईट चालवतात असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? जाळी लावणारे चोर बंद झाले. नवा व्यवस्थापक मला मावशी म्हणतो. पण मी आता पक्षी बघत नाही, पाहुण्यांना दाखवते. परवा सुट्टीच्या दिवशी सहज गेले, तर फाटकावरच्याने तिकीट मागितलं. तो नवा, त्याचा काय दोष? कुंपणाबाहेर उभी राहून बदकांचा आवाज ऐकला आणि घरी येऊन चक्क रडले.

पक्ष्यांची मोजणी आता कॅमेरे करतात. आपली पद्धत सांगितली तेव्हा सगळे हसले. समोरासमोर दोन मनोरे, दोन वनरक्षक. थवा मधलं पाणी ओलांडायला लागला की ज्याच्या बाजूने उठला त्याने लाल रुमाल हलवायचा, म्हणजे समोरच्याने तो पुन्हा मोजायचा नाही. मीही हसले. आभाळ रिकामं असताना तू किती वेळा रुमाल हलवलास, ते नाही सांगितलं. मी वहीत 'चुकीची खूण' असं लिहायचे. शेवटच्या हिवाळ्यात सतरा वेळा. इतका मुरलेला माणूस इतका चुकतो होय? मला कळत होतं रे. पण वडील अंथरुणाला खिळलेले, तुझी बदली ठरलेली. मी रुमाल खिशातच ठेवला.

पुढच्या महिन्यात दोन्ही मनोरे पाडणार आहेत. त्याआधी एक मोजणी आपल्या पद्धतीने होऊ द्या, म्हणून मी व्यवस्थापकाच्या खनपटीलाच बसले. वैतागून हो म्हणाला. या महिन्याचा शेवटचा रविवार दिलाय. अर्जात उत्तर मनोऱ्यासमोर माझं नाव लिहिलं आणि दक्षिणेसमोर तुझं, तुला न विचारता. तू आला नाहीस तर तिथे कॅमेरा बसवतील. उजाडायच्या आत ये, गुडघे दुखत असले तरी ये. थवा उठो न उठो, या खेपेला रुमाल आधी मी हलवणार आहे.

तुझीच,
उत्तर मनोऱ्यावरची