कॅसेटची दुसरी बाजू

प्रिय बारक्या,

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. रोज फोनवर डोकं खाणारा दादा आज कागद का नासतोय, असं तुला वाटेल. तर डॉक्टरांनी मला मौन दिलंय. ज्याचं पोट गळ्यावर चालतं, त्याला मौन! तुझी वहिनी परवापासून इतकी प्रसन्न आहे की या डॉक्टरांकडे लग्न झाल्याझाल्याच जायला हवं होतं असं वाटू लागलंय. काल ती तीन वेळा 'ऐकलं का?' म्हणाली आणि तिन्ही वेळा मी खरोखर ऐकलं. पाटीवर खडूने उत्तरं लिहितो. ऱ्हस्वदीर्घ सांभाळत बसतो म्हणून त्यातही ओरडा खातो.

गोष्ट अशी झाली. बावीस वर्षं मी त्या जपानी अॅनिमे कार्टून मालिकेला आपल्या भाषेत आवाज देतोय, हे तुला सांगायला नको. माणूस एक, पात्रं चार: नायकाच्या आठवणींत येऊन बोलणारा त्याचा सुतार बाप, त्या बापाला मारणारा मुखवटेवाला, एक तत्त्वज्ञ कासव आणि बाजार भरला की पंधरा-वीस माणसांची गर्दी. प्रत्येकाची युक्ती वेगळी. कासवासाठी खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो, मुखवटेवाल्यासाठी पट्टा एक भोक आवळतो. सुतारासाठी दातांत पेन्सिल धरतो, आपले बाबा वह्या तपासताना धरायचे तशी, आणि मग रागावतो. दोन महिन्यांपूर्वी एका भागात सुतार आणि मुखवटेवाला लागोपाठ आले. पट्टा आवळला, माईकसमोर उभा राहिलो, आणि मुखवटेवाल्याच्या तोंडून सुतार बोलला. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. भाग लागला आणि प्रेक्षकांत धुमाकूळ! मुखवट्यामागे बापच आहे, तो मेलाच नव्हता, आवाजातून केवढा सूक्ष्म इशारा दिलाय! दिग्दर्शकाने पाठ थोपटली. म्हणाला, काय डोकं लावलंस रे! डोकं कसलं, शुद्ध काकतालीय न्याय. कावळा बसला आणि फांदी मोडली. वेदान्त्यांना जन्मभर न साधणारं अद्वैत माझ्या घशात आपोआप घडत होतं, आणि मी भीतीने पट्टा आणखी एक भोक आवळत होतो.

तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून चौघांची हजेरी घेत होतो. नळ सोडायचा, म्हणजे वहिनीला ऐकू जाऊ नये. आधी गर्दी विरळ झाली. मग कासव गैरहजर राहू लागलं. एके दिवशी मुखवटेवाल्याला हाक मारली तर नुसती फुंकर आली. मी नळ वाढवला. शेवटी वहिनीनेच दार ठोठावून विचारलं, आत कोण घुसमटतंय? मग डॉक्टर, नळी, पडद्यावर माझा स्वतःचा घसा आणि त्यात मसुराएवढी गाठ. शुक्रवारी काढतील. पुढे सहा आठवडे चिडीचूप. गाठ साधी दिसते म्हणाले, पण तपासल्याशिवाय नक्की सांगत नाहीत. आवाज परत येईल म्हणतात. कोणता येईल, ते विचारलं की कागद चाळायला लागतात.

तुला ती कॅसेट आठवते का? मालिकेसाठी आवाज हवेत अशी जाहिरात आली होती. आपल्याकडे कॅसेट एकच, म्हणून पहिल्या बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तू. मी घोकून घोकून खणखणीत उच्चारांत एक भाषण म्हटलं, रेडिओवर हवामान सांगावं तसं. तू दातांत पेन्सिल धरलीस आणि बाबांसारखा रागावलास. स्वयंपाकघरातून आई दचकून बाहेर आली होती. मग तीन आठवडे तू फोनपाशी जेवायला बसायचास. फोन काही आला नाही. तू दातांचे साचे करायला शिकलास, आणि मी 'प्रयत्न करत राहिलो' म्हणून मला काम लागलं, असं घरात ठरून गेलं. अजूनही भाग संपला की तुझा फोन येतो. दादा, सुतार बोलला की बाबा खोलीत आल्यासारखं वाटतं रे, म्हणतोस. दर वेळी मी विषय बदलतो, हे तुझ्या लक्षात आलंय का?

आता सुतारासाठी कुणी हवं. मागे तू माझ्या घरी असताना फोन उचललास, तेव्हा दिग्दर्शकाने मी समजून तुला वीस मिनिटं झापलं होतं. आपल्या दोघांचा आवाज सारखा, हे त्याला तेव्हा कळलं. सोमवारी अकरा वाजता त्याने तुला स्टुडिओत बोलावलंय. एवढंच वहिनीकडून कळवलं असतं तरी चाललं असतं. पण तू माझे उपकार मानले असतेस, आणि ते मला सोसलं नसतं. बारक्या, फोन आला होता. तू आईचा चष्मा दुरुस्तीहून आणायला गेला होतास. पलीकडून विचारलं, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा आवाज कुणाचा? मी म्हणालो, माझा. त्यांना संशय येण्याचं कारणच नव्हतं. बावीस वर्षं मी बाबांची नाही, तुझी नक्कल करतोय. म्हणून जा, माझ्या जागी नाही, तुझ्या जागी जा. पण त्याआधी, शुक्रवारच्या आत, एकदा फोन कर. मला बोलता येणार नाही, पण ऐकू येतं. शिव्या द्यायच्या असतील तर बाबांच्या आवाजात दे. तो तुझ्याकडेच आहे.

तुझाच,
पहिल्या बाजूचा दादा