मोनिकाच्या नावापुढचं ‘नको’

प्रिय आप्पा,

मोनिकाचं नाव काढलं की तुमच्या फोनची रेंज जाते, म्हणून पत्र लिहितेय. एरवी तुमचा फोन पाथर्डीच्या डोंगरातही लागतो.

तुम्ही ऊसतोडीला गेलात की टोळीतली पोरं इथे नगरला आमच्या वसतिगृहात राहणार. त्यांच्या नोंदी मी संगणकात मोबाईल नंबराच्या क्रमाने लावल्यात. कर्सर म्हणजे ओळीवर ठेवलेलं बोट. एक नोंद बघायची, पुढच्या नोंदीवर सरकायचं. एका घराला दोनदा निरोप जाऊ नये म्हणून मी त्याला सांगितलं होतं, तोच नंबर पुन्हा आला तर ती नोंद ओलांडून जा. झालं, तुमच्या टोळीतला एकटा ओम दिसला, बाकी पोरं गायब! माझा पहिला संशय नोंदी भरणाऱ्या करणवर. त्याला उगाच झापलं बिचाऱ्याला. मग कळलं, सगळ्यांनी आपला म्हणून मुकादमाचाच, म्हणजे तुमचा नंबर दिलाय.

ती अट काढली. कर्सर प्रत्येक नोंदीवरून गेला, प्रत्येक पोरासाठी ‘वसतिगृहात ठेवायचं का?’ असा निरोप तुमच्या फोनवर गेला आणि तुमच्याकडून उत्तरंही आली. ओम येणार, बाकी सगळे येणार. मोनिका तेवढी नको.

चुकून बोट लागलं असेल म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा नको. दसऱ्याला तिची आई, केशरबाई, माझा हात धरून म्हणाली होती, “मोनिकाला तेवढी ठिवून घे, लई हुशार हाय पोरगी.” ती कशाला नको म्हणेल? तिला तुम्ही विचारलंत तरी का? तुमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा गेल्यापासून केशरबाई अर्धाच कोयता राहिलीय, आणि मोनिका आता चौदाची झालीय. टोळीत एक कोयता कमी पडतोय, हे तुम्हीच आईला सांगत होतात. तुमच्यावर संशय घ्यायची लाज वाटते आप्पा, पण तो जात नाही.

मला शाळेत घालताना तुम्ही आईला म्हणाला होतात, “माझ्या लेकीच्या हातात कोयता न्हाई द्यायचा.” तो शब्द तुम्ही पाळलात, म्हणून मी आज इथे आहे. रविवारच्या एसटीने येतेय. परत निघताना मोनिकाला तुमच्या हाताने माझ्याशेजारी बसवा. नाही बसवलंत, तर मी तिला एकटीला नगरच्या गाडीत बसवून देईन आणि टोळीच्या ट्रकमध्ये केशरबाईशेजारी मी बसेन. तुमचा कोयता पुरा होईल.

तुमचीच लेक,
स्नेहल