माझ्या अंगात येत नव्हतं

आये, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायला मला आधी तुझा गिरणीतला खोकला आठवावा लागतो. आज डॉक्टरांनी माझी गोळी बदलली आणि घरी येताना तूच आठवलीस. परळच्या खोलीत मिठाच्या बरणीमागे तू माझ्या फेफऱ्याच्या गोळ्या लपवायचीस. सकाळी भाकरी थापता थापता न बघताच हात मागे करून गोळी द्यायचीस, आणि त्याच हाताने मंगळवारी माझा मळवट भरायचीस. मला त्यात काही वावगं वाटत नसे. बाबा नव्हते, आणि वाइंडिंग खात्यात, जिथे बायका बॉबिनींवर सूत भरतात तिथे, मला तुझ्या शेजारच्या मशीनवर लावून घ्यायला तुला वर्ष लागलं होतं.

पहिल्याच महिन्यात मी मशीनपाशी पडले. शुद्धीवर आले तर नाकाला कुणाची तरी चप्पल लावलेली, आणि तू नायकिणीला सांगतेयस, "फेफरा नाय गो ता! माझ्या चेडवाच्या अंगात येता." खात्यातल्या बायकांवरची ती मुकादमीण, आपल्याच चाळीतली, तुझी जिवाभावाची मैत्रीण. तिने चप्पल बाजूला केली आणि हात जोडले. फेफरेवालीला गिरणी एक दिवस ठेवली नसती, पण देवीला कोण घरी बसवणार? तुझ्या हुशारीचं मला आजही हसू येतं. हळूहळू बायका येता-जाता माझ्या पाया पडू लागल्या.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते ते दिवस. तू घसा बसेपर्यंत घोषणा देऊन यायचीस आणि मला मात्र घरात डांबायचीस. "गर्दीत पडलंस तर?" अशाच एका हरताळाच्या दुपारी खात्यातली भायखळ्याची एक बाई लेकीला घेऊन आली. पाच वर्षांची पोर, चावून चावून जीभ सुजलेली.

"हिला पण तुमच्यासारखंच येतंय," बाई म्हणाली. "डॉक्टरचं औषध बंद केलं मी. आता तुम्हीच सांगा, कुठली देवी आहे?"

मी बरणीमागची पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. "ही देवी. मी रोज घेते. पोरीला आजच्या आज हॉस्पिटलात घेऊन जा." ती गेली खरी, पण मला बघून आणखी किती आया औषध बंद करतील, हे डोक्यातून जाईना. आणि खरं सांगू? त्या फिरत्या मशीनची मला भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तू चहाला गेलेली बघून मी खात्याच्या साहेबांकडे निघाले. दारापासून दोनदा परतले. तिसऱ्यांदा आत शिरून एका दमात म्हणाले, "साहेब, माझ्या अंगात येत नाही. मला फेफरं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगायला लावलं?"

"कुणी नाही."

नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. त्यांनी मला मशीनवरून काढलं आणि खिडकीशी बसून रिकाम्या बॉबिनी निवडायचं काम दिलं. तिथेही मी पडले, पण कधी फारसं लागलं नाही.

तू मात्र ठरवूनच टाकलंस की चुगली नायकिणीने केली. "माझ्या चेडवाक मशीनवरसून खेचल्यान!" तिच्या दारावरून जाणं सोडलंस, हळदीकुंकू बंद केलंस, ते अगदी जाईपर्यंत. दर संक्रांतीला तिच्या वाटणीचे लाडू वळायचीस आणि मग दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकायचीस. मी बघत होते. दर वर्षी सांगणार होते.

तुझ्या दहाव्याला ती आली. चहा घेताना हळूच म्हणाली, "साहेबान माका तेव्हाच सांगल्यान, तू स्वतः गेलंस म्हणान."

"मग आयेला का नाही सांगितलंत?"

"माझ्यार रागावली तरी जेवत होती. तुझ्यार रागावली असती तर जेवली असती काय?"

मिठाची ती बरणी आता नाही. हा कागद मी गोळ्यांच्या डब्यात ठेवतेय. चुगली मीच केली होती, आये. आणि नायकिणीची माफी मी त्या दिवशीही मागितली नाही. तिच्या कपात नुसता आणखी थोडा चहा ओतला.